मोकळ्या हवेतील रेडॉन : अत्यल्पाचे अवघड मोजमाप

अमेरिकेच्या काँग्रेसने १९८८ मध्ये घरांतील रेडॉन वायूला आळा घालण्यासाठी एक कायदा संमत केला. त्यात देशापुढे ठेवलेले दूरगामी उद्दिष्ट एका वाक्यात मावणारे आहे : इमारतींच्या आतील हवा बाहेरच्या हवेइतकीच रेडॉनमुक्त असावी. वाक्य निरुपद्रवी वाटते. परंतु ते वाचताच एक प्रश्न उभा राहतो. बाहेरच्या हवेत रेडॉन असतो तरी किती? तो आकडा ठाऊक नसेल, तर उद्दिष्ट गाठले की नाही हे ठरवायचे कसे?

बंद घरात साचलेला रेडॉन मोजणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. प्लास्टिकच्या डबीतील फिल्म तीन महिने खोलीत ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवली की काम भागते. मोकळ्या हवेतील रेडॉनचे तसे नाही. तेथे वायूचे प्रमाण इतके कमी असते की, बहुतेक उपकरणांच्या बाबतीत तो उपकरणाच्या स्वतःच्या त्रुटीत हरवून जातो. धोका बऱ्यापैकी अचूक मोजता येतो, पण तो ज्या तळापासून मोजायचा तो तळच धूसर, अशी ही काहीशी विचित्र अवस्था आहे. अलीकडच्या काळात या तळाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले, त्याला कारण केवळ आरोग्याचे नाही. हवामानबदलाचा हिशेबही त्यात गुंतलेला आहे.

जमिनीतून हवेत

पृथ्वीच्या कवचात युरेनियमचा अंश सर्वत्र आहे. ग्रॅनाइटमध्ये तो अधिक. दख्खनच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, त्याहून बराच कमी. युरेनियमचे अतिशय संथ गतीने विघटन होत होत रेडियम तयार होते आणि रेडियमच्या विघटनातून रेडॉन. या मालिकेतील इतर मूलद्रव्ये घनरूप असल्याने जेथे जन्मतात तेथेच खडकात अडकून पडतात. रेडॉन हा मात्र वायू, आणि तोही निष्क्रिय. कोणाशीही रासायनिक संयोग न करता तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून वर सरकतो आणि हवेत मिसळतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्याचे अर्धायुष्य ३.८२ दिवसांचे, म्हणजे तेवढ्या काळात त्याचे निम्मे अणू विघटित होतात. जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरमधून सरासरीने दर सेकंदाला रेडॉनचा साधारण एक अणू बाहेर पडतो, असे मानले जाते. समुद्राच्या पृष्ठभागावरून येणारे प्रमाण याच्या शंभराव्या हिश्श्याच्याही खाली असते.

रेडॉनपासून पुढे पोलोनियम, शिसे आणि बिस्मथ यांची अल्पायुषी किरणोत्सर्गी रूपे तयार होतात. त्यांना रेडॉनची अपत्ये म्हणण्याची पद्धत आहे. ही अपत्ये हवेतील धुलिकणांना चिकटतात, श्वासावाटे फुप्फुसात बसतात आणि तेथे अल्फा कण सोडतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला १९८८ मध्ये माणसात कर्करोग घडविणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार निरनिराळ्या देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ३ ते १४ टक्के रुग्ण रेडॉनमुळे होत असावेत. घरातील रेडॉनची पातळी दर घनमीटर हवेमागे १०० बेकरेलच्या आत असावी आणि ते शक्य नसेल तर निदान ३०० च्या वर जाऊ नये, असे ही मार्गदर्शिका सांगते. बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एक विघटन.

किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने २००० च्या अहवालात घरातील हवेसाठी ४० आणि बाहेरच्या हवेसाठी १० बेकरेल ही जागतिक सरासरी धरली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तेथील बाहेरच्या हवेची सरासरी त्यांच्या एककात ०.४ अशी दिली आहे. ती सुमारे १५ बेकरेल भरते. जर्मनीत सुमारे पावणेदोनशे ठिकाणी केलेल्या पाहणीत मधला आकडा ९ बेकरेलच्या आसपास निघाला. बाहेरच्या हवेचा विषय निघाला की हेच मोजके आकडे पुन्हा पुन्हा समोर येतात.

दहा बेकरेल म्हणजे किती थोडे

या आकड्याचा अर्थ उलगडल्याशिवाय मोजणाऱ्यांची अडचण ध्यानात येत नाही. एका घनमीटर हवेत १० बेकरेल रेडॉन असतो, तेव्हा त्या हवेत रेडॉनचे सुमारे ४८ लाख अणू असतात. ४८ लाख ही संख्या मोठी वाटते. पण त्याच घनमीटरमध्ये हवेचे जे रेणू असतात त्यांची संख्या लिहायला पंचविसावर चोवीस शून्ये द्यावी लागतील. म्हणजे पाचावर अठरा शून्ये इतक्या रेणूंमागे रेडॉनचा अवघा एक अणू. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे चारशेहून थोडे अधिक आहे आणि त्याचीही गणना 'अल्प' वायूंत होते. रेडॉनला रासायनिक पद्धतीने पकडणे या पातळीवर अशक्यच आहे. तो सापडतो तो केवळ मरताना, कारण विघटन पावणारा प्रत्येक अणू एक जोरकस अल्फा कण फेकतो आणि तो एकेकटा मोजता येतो.

तेथेही संख्या आड येते. एक लिटर हवा डब्यात भरली, तर तिच्यात तासाला रेडॉनची केवळ ३६ विघटने होतील. किरणोत्सर्गी विघटन हे योगायोगाचे राज्य असल्याने ३६ मोजले तर त्यात ६ ची कमीजास्त गृहीत धरावी लागते, म्हणजे जवळजवळ १७ टक्के अनिश्चितता. आणि तीही उपकरण परिपूर्ण असताना. क्षेत्रीय कामात वापरले जाणारे जर्मन बनावटीचे अल्फागार्ड हे उपकरण दर्जेदार समजले जाते. त्याच्या कप्प्याची धारणक्षमता साधारण अर्ध्या लिटरची आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या स्मार्ट आरएनड्युओ या सुटसुटीत उपकरणाचा कप्पा सुमारे १५० घनसेंटीमीटरचा. दहा बेकरेलच्या हवेत त्याच्यात तासाभरात रेडॉनचे पाच-सहाच अणू फुटतील. घरातील, खाणीतील किंवा मातीतील रेडॉनसाठी ही उपकरणे उत्तम आहेत. पण त्यांच्या पडद्यावर मोकळ्या हवेचा ताशी आकडा उमटला म्हणून तो लगेच खरा मानू नये.

शिवाय उपकरण स्वतःही निष्पाप नसते. त्याच्या धातूत, काचेत, प्लास्टिकमध्ये युरेनियमचे अंश असतात. वर्षानुवर्षे वापरलेल्या कप्प्याच्या आतील पृष्ठभागावर रेडॉनच्या वंशातील शिसे-२१० साचते. त्याचे अर्धायुष्य २२ वर्षांचे, आणि त्याच्यापासून निपजणारे पोलोनियम अल्फा कण सोडत राहते. त्यामुळे रेडॉन मुळीच नसलेल्या हवेतही उपकरण काही ना काही मोजतेच. हा पाया किती, हे तपासण्याचा एक साधा उपाय आहे. हवा सिलिंडरमध्ये महिनाभर बंद करून ठेवावी. तेवढ्या काळात तिच्यातील रेडॉन सुमारे दोनशे तिसाव्या भागावर येतो. ही 'शिळी' हवा उपकरणातून फिरवली की जे मोजले जाईल ते उपकरणाचे स्वतःचे.

तारेपासून तबकडीपर्यंत

मोकळ्या हवेत किरणोत्सार आहे हे प्रथम दाखवले ते जर्मनीतील वोल्फेनब्युटेल येथील ज्युलियस एल्स्टर आणि हान्स गाइटेल या दोन शाळाशिक्षकांनी, १९०१ मध्ये. त्यांनी एक लांब तार उघड्यावर टांगली, तिला उच्च दाबाचा ऋण विद्युतभार दिला आणि काही तासांनी तिच्यावर जमलेले पुटुकले पुसून घेतले. ते किरणोत्सर्गी निघाले. रेडॉनचे विघटन होताच जे पोलोनियम तयार होते, त्याचे बहुतेक अणू क्षणभर धनभारित असतात. ऋणभारित तार त्यांना खेचून घेते. एल्स्टर आणि गाइटेल यांना यातले अणुविज्ञान ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. अणुकेंद्रकाची कल्पनाच आणखी दहा वर्षांनी मांडली गेली. पुढच्याच वर्षी सी. टी. आर. विल्सन यांनी ताज्या पावसाच्या पाण्यातही अल्पजीवी किरणोत्सार असल्याचे दाखवून दिले.

त्या तारेचे तत्त्व तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ऐंशीच्या दशकात नव्या रूपात अवतरले. तेथील शास्त्रज्ञांपुढची समस्या मोकळ्या हवेची नव्हती, युरेनियम खाणीतील कामगारांची होती. शरीरात गेलेले रेडियम हाडांत जाऊन बसते. त्यापासून सतत तयार होणारा रेडॉन रक्तात विरघळून उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. तेव्हा कामगाराच्या उच्छ्वासातील रेडॉन मोजला, तर त्याच्या हाडांत किती रेडियम आहे याचा अंदाज सुई न टोचता बांधता येईल, अशी ही कल्पना. पण हा रेडॉन अत्यल्प असतो. त्यासाठी तयार झालेली न्यूनपातळी रेडॉनशोधन प्रणाली पुढे देशातील विद्यापीठांनी मोकळ्या हवेसाठी उचलली.

तिची रीत सरळ आहे. निर्वात केलेल्या धातूच्या पात्रात हवेचा नमुना गाळणीतून ओढून घेतात. गाळणीमुळे हवेतली जुनी अपत्ये बाहेरच राहतात. आत जातो तो केवळ वायू. मग किमान दहा मिनिटे काहीच करायचे नाही. या दहा मिनिटांचे कारण थोरॉन. थोरियमपासून होणारा हा रेडॉनचा भाऊबंद, अर्धायुष्य अवघे ५५.६ सेकंद, दहा मिनिटांत त्याचा हजारावा हिस्सादेखील उरत नाही. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूत थोरियम भरपूर असल्याने तेथे ही प्रतीक्षा विशेष महत्त्वाची. त्यानंतर पात्रातील धातूच्या तबकडीला सुमारे ८०० व्होल्टचा ऋणभार देऊन दीड तास ठेवतात. या काळात पात्रात नव्याने जन्मलेले पोलोनियम तबकडीवर गोळा होते. मग तबकडी काढून तिच्यावरील अल्फा कण मोजतात. अनेक लिटरमध्ये विखुरलेली विघटने अशा रीतीने एका चकतीवर एकवटतात.

या पद्धतीचा शत्रू म्हणजे दमट हवा. पाण्याच्या रेणूंमुळे धनभारित अणूंचा भार लवकर नाहीसा होतो आणि ते तबकडीपर्यंत पोहोचतच नाहीत. कोरड्या हवेत नव्वद टक्क्यांच्या घरात असणारी पकड नव्वद टक्के सापेक्ष आर्द्रतेला निम्म्याहूनही खाली येते. त्यासाठी दुरुस्तीचे सूत्र आहे; पण ज्यांनी कोकणातला जुलै पाहिला आहे त्यांना त्या सूत्रावर किती भिस्त ठेवायची हा प्रश्न पडल्यावाचून राहणार नाही. याच तत्त्वावर चालणाऱ्या अमेरिकी बनावटीच्या रॅड-७ या उपकरणात हवा आधी शोषक खड्यांच्या नळीतून नेतात. ओलावा पिऊन निळे खडे गुलाबी होतात आणि ते वारंवार बदलावे लागतात.

इलेक्ट्रेट आणि गॅमाचा उपद्रव

भाभा अणुसंशोधन केंद्रातील त्या उच्छ्वास-प्रयोगात सहभागी असलेले डॉ. पी. कोट्रप्पा पुढे अमेरिकेत गेले आणि तेथे त्यांनी रेडॉन मोजण्यासाठी इलेक्ट्रेट आयनकक्षाची पद्धत विकसित करून रूढ केली. इलेक्ट्रेट म्हणजे कायमचा विद्युतभार धारण करणारी टेफ्लॉनची चकती. ती एका पोकळ कक्षात बसवतात. रेडॉन आत शिरून विघटित झाला की हवेचे आयनीकरण होते, आयन चकतीकडे खेचले जातात आणि तिचा दाब थोडा थोडा घटतो. किती व्होल्ट घटले यावरून सरासरी रेडॉन काढता येतो. वीज नको, पंप नको, आर्द्रतेची फारशी तमा नाही. महिनोन्महिने उघड्यावर टांगून ठेवण्यास ही पद्धत सोयीची.

मात्र जमिनीतून आणि अवकाशातून येणारे गॅमा किरणही याच हवेचे आयनीकरण करतात. कक्षाला कोणता व्होल्ट कोणामुळे घटला हे कळत नाही. नैसर्गिक गॅमा पार्श्वभूमी ताशी १० मायक्रोरॉन्टजेन असेल, आणि ती अनेक ठिकाणी असते, तर तिच्यामुळे होणारी घट ३२ बेकरेल रेडॉनइतकी भरते. घरात दीडशे बेकरेल मोजताना ही वजाबाकी खपून जाते. बाहेर दहा बेकरेल मोजताना मात्र वजा करायची रक्कम उत्तराच्या तिप्पट होते. गॅमाच्या मोजणीत १० टक्के चूक झाली तर रेडॉनचा आकडा ३० टक्क्यांनी हुकतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे प्रत्येक ठिकाणी गॅमा स्वतंत्रपणे मोजतात. प्रदेशाची सरासरी पुस्तकातून घेऊन केलेली वजाबाकी बाहेरच्या हवेसाठी निरुपयोगी समजावी.

अल्फा कणांचे ओरखडे टिपणाऱ्या एलआर-११५ किंवा सीआर-३९ या फिल्मवर गॅमाचा परिणाम होत नाही, हा त्यांचा मोठा गुण. पण फिल्म कारखान्यातून निघाल्यापासूनच तिच्यावर काही ओरखडे असतात. ती वाटेत, कपाटात, टपालातही रेडॉन टिपत राहते. बाहेरच्या हवेसाठी तीन महिन्यांहून कमी काळ ठेवलेल्या फिल्मवर विसंबू नये, आणि हवाबंद पाकिटात बरोबर फिरवलेल्या कोऱ्या फिल्मची मोजणीही तेवढ्याच कसोशीने करावी.

पाच हजार लिटरची टाकी

हवा थोडी असल्याने विघटने थोडी, हीच मूळ अडचण असेल तर सरळ उपाय म्हणजे हवाच भरपूर घेणे. ऑस्ट्रेलियाच्या अणुविज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने हा मार्ग शेवटपर्यंत नेला. तिच्या उपकरणांच्या टाक्या ७०० लिटर, १५०० लिटर आणि ५००० लिटरच्या आहेत. टास्मानियाच्या वायव्य टोकावरील केप ग्रिम या केंद्रात, जेथे दक्षिण महासागरावरून हजारो किलोमीटर जमीन न शिवता आलेला वारा थडकतो, तेथे ५००० लिटरची टाकी बसवलेली आहे.

तिच्यात बाहेरची हवा आधी एका विलंब-टाकीतून जाते. तेथे थोरॉन संपून जातो. पहिल्या गाळणीत धूळ आणि तिला चिकटलेली अपत्ये अडकतात. शुद्ध वायू मुख्य टाकीत सावकाश पुढे सरकतो आणि त्यातील रेडॉनपासून तेथेच नवी अपत्ये जन्मतात. टाकीतली हवा एका आतल्या वर्तुळात वेगाने फिरवून ही नवी अपत्ये पोलादाच्या अतिसूक्ष्म जाळीवर पकडली जातात. जाळीच्या दोन्ही बाजूंना झिंक सल्फाइडचा थर असतो. अल्फा कण आदळला की तो क्षणभर लकाकतो आणि प्रकाशवर्धक नळी ती लकाकी मोजते. एका घनमीटरमागे अवघा ०.०५ बेकरेल रेडॉन असला, तरी पाच हजार लिटरमध्ये तासाला ९०० विघटने होतात. तेवढी संख्या तासागणिक आकडा देण्यास पुरेशी ठरते. महिन्यातून एकदा ठरावीक ताकदीच्या रेडियमपासून निघणारा रेडॉन सोडून उपकरणाची संवेदनशीलता तपासतात आणि काही महिन्यांनी प्रवाह बंद ठेवून जाळीची पार्श्वभूमी मोजतात. कारण शिसे-२१० तेथेही साचतेच.

केप ग्रिमला या आकड्याचा उपयोग वेगळाच आहे. रेडॉन जमिनीतूनच येतो आणि काही दिवसांत संपतो. त्यामुळे हवेत रेडॉन जवळजवळ नसेल तर ती हवा बरेच दिवस समुद्रावर होती, हे निश्चित. अशी स्वच्छ हवा ओळखून तेवढ्याच वेळचे कार्बन डायऑक्साइड, मिथेन आदी वायूंचे आकडे पृथ्वीची मूळ पातळी म्हणून निवडता येतात. हवाईतील मौना लोआ, दक्षिण आफ्रिकेतील केप पॉइंट आणि आयर्लंडमधील मेस हेड या केंद्रांतही रेडॉन मोजला गेला आहे, तो याच कारणाने.

टाकी ठेवण्यास जागा नसेल तर दुसरा पर्याय अपत्ये मोजण्याचा. हायडेलबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी विकसित केलेले उपकरण हवा गाळणीतून ओढते आणि गाळणीवर जमलेल्या पोलोनियमवरून रेडॉनचा हिशेब करते. उपकरण छोटे, स्वस्त, टिकाऊ. पण हा हिशेब करताना रेडॉन आणि त्याची अपत्ये ठरावीक प्रमाणात आहेत असे धरावे लागते. पाऊस पडला की अपत्ये धुऊन निघतात आणि रेडॉन तसाच राहतो. जमिनीलगत नुकत्याच बाहेर पडलेल्या रेडॉनला अपत्ये निर्माण करण्यास वेळच मिळालेला नसतो. युरोपातील अनेक केंद्रांच्या उपकरणांची तुलना करणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या केंद्रांचे आकडे एका मापावर आणण्यासाठी त्यात दुरुस्तीचे गुणक द्यावे लागले. तोवर ते आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडले जात होते.

मापाचे माप

यामागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती फारशी चर्चेत आली नव्हती. रेडॉनच्या उपकरणांचे प्रमाणीकरण ज्या कक्षांत होते, तेथे रेडॉनची पातळी सहसा हजारो बेकरेल असते. तेथे जुळवलेले उपकरण दहा बेकरेललाही तितकेच खरे बोलेल, ही समजूत होती, पुरावा नव्हता. किलोचे वजन वापरून पारखलेल्या तराजूवर सोन्याची गुंज तोलण्यासारखा हा प्रकार. तो बदलण्यासाठी जर्मनीच्या राष्ट्रीय मापनसंस्थेच्या पुढाकाराने ट्रेसरेडॉन हा युरोपीय प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला आणि २०२३ पर्यंत चालला. १ ते १०० बेकरेल या पट्ट्यात मोजमापाची खात्रीलायक साखळी उभारणे हे त्याचे उद्दिष्ट होते. त्यासाठी अतिशय मंद पण स्थिर गतीने रेडॉन सोडणारे रेडियमचे स्रोत घडवावे लागले.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मिथेनमध्ये आहे. रात्री जमिनीलगतची हवा स्थिरावते तेव्हा मिथेन आणि रेडॉन दोन्ही साचत जातात. जमिनीतून रेडॉन किती निघतो हे ठाऊक असेल, तर दोघांच्या वाढीची तुलना करून त्या परिसरातून मिथेन किती बाहेर पडतो ते काढता येते. सरकारांनी कागदावर जाहीर केलेले उत्सर्जन खरे की खोटे हे तपासण्याच्या मोजक्या स्वतंत्र मार्गांपैकी हा एक. रेडॉनच्या आकड्यात २० टक्के चूक असेल तर ती मिथेनच्या आकड्यात जशीच्या तशी उतरते.

पहाटेचा पुणे आणि दुपारचा पुणे

उपकरण कितीही चांगले असले तरी ते कोठे आणि केव्हा लावले यावर आकडा ठरतो. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील आणि म्हैसूर विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी पुण्यात जमिनीलगतच्या हवेत केलेल्या मोजणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. रेडॉन पहाटे सर्वाधिक आणि दुपारी सर्वात कमी, हे दैनंदिन चक्र त्यात दिसते. कारण उघड आहे. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची थंड हवा जड होऊन तळाशी बसते आणि जमिनीतून निघालेला रेडॉन तेथेच कोंडला जातो. ऊन चढले की हवा वर उठते आणि तोच रेडॉन किलोमीटरभर उंचीच्या थरात पसरतो. हवेच्या विद्युत गुणधर्मांच्या अभ्यासकांना यात रस असण्याचे कारण असे की, जमिनीलगतच्या हवेचे आयनीकरण मोठ्या प्रमाणात रेडॉन आणि त्याची अपत्येच करतात.

तेव्हा सकाळी सहाला घेतलेला एक नमुना आणि दुपारी तीनला घेतलेला दुसरा, यांत कित्येक पटींचे अंतर पडू शकते. दोन्ही बरोबर असूनही. पावसाळ्यात मातीच्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि रेडॉनची वाट अडते. शिवाय नैऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून येतो, जेथे रेडॉन नगण्य. हिवाळ्यात वारा जमिनीवरून वाहतो. मुंबईसारख्या शहरात तर हा खेळ रोजच चालतो : दुपारी खारे वारे समुद्राची हवा आत आणतात, रात्री मतलई वारे जमिनीवरची हवा परत पाठवतात. पूर्ण वर्षाची मोजणी असल्याखेरीज 'या शहरात बाहेर इतका रेडॉन' असे विधान करणे धाडसाचे होईल.

जागेचेही तसेच. भिंतीलगत, ग्रॅनाइटच्या फरशीवर किंवा गच्चीत ठेवलेले उपकरण मोकळ्या हवेऐवजी बांधकामातून निघणारा वायू मोजते. थोरॉन तर जमिनीपासूनच्या थोड्याशा उंचीतच झपाट्याने कमी होतो. म्हणून उंची, भोवतालची मोकळी जागा, उपकरणावरील पावसाचे छत आणि मोजणीचा काळ हे तपशील दिल्याशिवाय आलेला आकडा अर्धाच समजावा. भूकंपाची पूर्वसूचना म्हणून रेडॉनवाढीच्या बातम्या अधूनमधून येतात. १९६६ च्या ताश्कंद भूकंपानंतर विहिरींच्या पाण्यातील रेडॉनमुळे या कल्पनेला जोर आला. हवेतील रेडॉन केवळ वारा पडला म्हणूनही वाढतो, हे त्या बातम्यांत क्वचितच आढळते.

प्रश्न कोणाच्या रेडॉनचा

शहरी वाचकाला बाहेरच्या हवेतील रेडॉनने घाबरून जाण्याचे कारण नाही. दार-खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घरात तर आतली पातळीही बाहेरच्याजवळ येते. या सूक्ष्म मोजमापावर प्रत्यक्ष काही अवलंबून असते ते खाणींच्या परिसरात. झारखंडमधील जादुगुडा येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून युरेनियमचे उत्खनन होत आले आहे. युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला बारीक गाळ बंदिस्त तलावांत साठवतात. रेडियम बहुतांशी या गाळातच राहते आणि रेडियम आहे तोवर रेडॉन निघत राहणार. रेडियमचे अर्धायुष्य १६०० वर्षांचे आहे.

तलावावरून निघालेला रेडॉन वाऱ्याबरोबर लवकर विरळ होतो, हे खरे. पण सिंहभूमची जमीन मुळातच युरेनियमयुक्त आहे. तेव्हा गावातील हवेत मोजलेल्या रेडॉनपैकी निसर्गाचा किती आणि तलावाचा किती, हा वाद तेथे अटळ ठरतो. तो सोडवायचा तर तलावाच्या वाऱ्याकडील आणि वाऱ्यापलीकडील बाजूंना, एकाच उंचीवर, एकाच काळात, एकमेकांशी पारखून घेतलेली उपकरणे वर्षभर चालवावी लागतात आणि दोन आकड्यांतील काही बेकरेलचा फरक विश्वासाने सांगता यावा लागतो. ज्या उपकरणाची स्वतःची अनिश्चितता पाच बेकरेलची आहे, ते चार बेकरेलच्या वाढीबद्दल ना रहिवाशांच्या बाजूने साक्ष देऊ शकते, ना खाण चालवणाऱ्यांच्या. 'वाढ आढळली नाही' आणि 'वाढ नाही' या दोन वाक्यांतले अंतर अशा ठिकाणी फार मोठे असते, आणि अहवालात कोणते वाक्य लिहिले आहे हे पाहण्याआधी मोजणी कोणत्या उपकरणाने आणि किती दिवस झाली ते पाहावे लागते.